फुकटच्या सॉफ्टवेअरवर पहिलं भेटकार्ड: कागदावरच्या चित्रापासून छापखान्यापर्यंत

मागच्या वर्षी दिवाळीच्या दीड महिना आधी मामेबहिणीचा फोन आला, दादा मला रांगोळीच्या नक्षीची भेटकार्डं करून प्रदर्शनात स्टॉल लावायचाय तर कुठलं सॉफ्टवेअर विकत घेऊ. म्हटलं आधी काहीच घेऊ नकोस. ती हाताने फार सुंदर काढते पण कॉम्प्युटर म्हणजे तिच्यासाठी फक्त मुलाच्या शाळेचे फॉर्म भरायचं यंत्र. तिला फोनवर जे जे तुकड्यातुकड्याने सांगितलं तेच इथे एका जागी लिहितोय, कारण त्यानंतर अजून तिघाचौघांनी तेच विचारलं आणि दरवेळी तासभर बोलायचा आता कंटाळा आला.

एक गोष्ट आधीच सांगतो. "आर्टिस्टसाठी बेस्ट फ्री सॉफ्टवेअर" अशा याद्या बघून पंधरा प्रोग्राम टाकून बसू नका. लोक टाकतात, आठवडाभर बटणं दाबून बघतात आणि सोडून देतात. त्यापेक्षा एक खरं काम घ्या, छोटं, आणि ते शेवटापर्यंत म्हणजे छापून हातात येईपर्यंत न्या. ह्या लेखात आपण एक भेटकार्ड करतोय, आणि त्याला लागणारी तीनच सॉफ्टवेअर: गिम्प (फोटो साफ करायला), इंकस्केप (नक्षी आणि अक्षरं मांडायला) आणि लागलंच तर स्क्रायबस (मोठ्या छपाईची फाइल करायला). तिन्ही फुकट, तिन्ही ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला), धंद्यासाठी वापरली तरी कोणी पैसे मागत नाही.

पायरी १: आधी छापखान्यात जा

हो, कॉम्प्युटर चालू करायच्या आधी. गावातल्या डिजिटल प्रिंटवाल्याकडे जाऊन दोन प्रश्न विचारा: तुमची शीट किती बाय कितीची, आणि फाइल कशात लागते. बहुतेक ठिकाणी उत्तर येतं "१२ बाय १८ ची शीट, पीडीएफ द्या किंवा कोरल द्या" (म्हणजे कोरलड्रॉ ह्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची फाइल).

आता ह्या शीटच्या मापाचा फायदा बघा. मामेबहिणीच्या डोक्यात ए-६ साइझ होती, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटर, कारण नेटवर सगळीकडे तीच दिसते. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कटिंगसाठी जास्तीची जागा) धरली की ते कार्ड १११ बाय १५४ होतं आणि १२ बाय १८ इंचाच्या शीटवर सगळी एकाच दिशेने लावली, उभी किंवा आडवी, तर चारच बसतात. तेच कार्ड जरासं लहान करून ४ बाय साडेपाच इंच केलं तर ब्लीडसकट आठ बसतात. कार्डाचं रूप तेच, आणि प्रिंटिंगचा खर्च निम्मा! हे कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला सांगणार नाही, काउंटरवरचा माणूस सांगेल, तेही विचारलं तर.

तर आपलं माप ठरलं: कार्ड ४ बाय ५.५ इंच म्हणजे १०१.६ बाय १३९.७ मिलिमीटर, आणि फाइलचं माप ब्लीडसकट १०७.६ बाय १४५.७ मिलिमीटर. हे एका कागदावर लिहून कॉम्प्युटरशेजारी चिकटवून ठेवा.

पायरी २: सॉफ्टवेअर उतरवताना

प्रत्येकाच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, गिम्प डॉट ओआरजी, इंकस्केप डॉट ओआरजी, स्क्रायबस डॉट नेट. सर्च केल्यावर सगळ्यात वर जी जाहिरात येते तिच्यावर क्लिक करू नका, नावात एखादं अक्षर इकडंतिकडं करून बनवलेल्या साइट असतात आणि तिथून गिम्पबरोबर भलतंच काहीतरी मशीनमध्ये शिरतं. ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप असला तरी हे काम होतं, फक्त सोबत ब्राउझरच्या वीस टॅब उघड्या ठेवू नका.

आणि तो कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेला "क्रॅक" (विकतचं सॉफ्टवेअर पैसे न भरता चालवायची पळवाट) असतो ना, तो नकोच. चोरीचा माल हे एक झालंच, पण अँटीव्हायरस बंद करून चालवायला सांगतात त्यातच सगळं आलं, आणि त्याच मशीनवर आपण यूपीआय आणि बँक उघडतो.

पायरी ३: चित्र आत आणा

पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने काढा, पेन्सिलचं नको. झेरॉक्सच्या दुकानात ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून मिळत असेल तर उत्तम, नाहीतर खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, फोन कागदाला समांतर धरून फोटो काढा. स्वतःची सावली कागदावर पडू देऊ नका, त्याने पुढे फार त्रास होतो.

तो फोटो गिम्पमध्ये उघडा. कलर्स मेनूत लेव्हल्स नावाची गोष्ट आहे, तिथे डोंगरासारखा आलेख दिसतो आणि त्याखाली तीन त्रिकोण. उजवीकडचा पांढरा त्रिकोण डावीकडे सरकवा, करडा दिसणारा कागद पांढराशुभ्र व्हायला लागेल. डावीकडचा काळा जरासा उजवीकडे, की रेघ गडद होते. राहिलेले ठिपके खोडरबराने काढा. झालं, गिम्पचं एवढंच काम आहे आत्ता.

इथे सगळे नवे अडकतात ते सेव्ह करताना. गिम्पमध्ये सेव्ह केलं की एक्ससीएफ नावाची फाइल बनते जी दुसरीकडे सहसा उघडत नाही, मग लोकांना वाटतं बिघडलं. बिघडलेलं नसतं. जेपीजी किंवा पीएनजी हवी तर फाइल मेनूत "एक्सपोर्ट ॲज" करायचं. एक्ससीएफ मात्र ठेवा, पुन्हा बदल करायचे तर तीच लागते. गिम्प १९९६ पासून लोकांच्या हातात आहे, मार्च २०२५ मध्ये ३.० आलं, यूट्यूबवर शिकताना व्हिडिओ त्यानंतरचा आहे ना एवढं बघा, जुन्यात मेनू वेगळे दिसतात.

पायरी ४: इंकस्केप, खरं काम इथे

गिम्पमधलं चित्र म्हणजे ठिपके, मोठं केलं की फाटतं. इंकस्केपमधलं चित्र म्हणजे रेघांचं गणित, त्यामुळे तीच नक्षी भेटकार्डावरही जाते आणि उद्या दहा फुटी फ्लेक्सवरही. एकदा वेक्टर केलेली, म्हणजे अशी रेघांच्या गणितात बदललेली, नक्षी दहा ठिकाणी वापरता येते. मामेबहिणीने एकाच कमळाच्या नक्षीवरून कार्ड, बुकमार्क, मिठाईच्या बॉक्सचं स्टिकर आणि स्टॉलचा बॅनर असं सगळं केलं.

नवीन फाइल उघडून डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये (कंट्रोल, शिफ्ट, डी) माप मिलिमीटरमध्ये टाका, आपलं ते १०७.६ बाय १४५.७. मग पट्टीवरून ओढून गाइडलाइन लावा, कडेपासून ३ मिलिमीटर आत एक, तिथे कटर चालणार, आणि त्याच्याही ५ मिलिमीटर आत दुसरी, अक्षरं आणि नावं ह्याच्या आतच. रंगीत पार्श्वभूमी मात्र थेट कागदाच्या टोकापर्यंत न्या. नाहीतर कटिंग अर्धा मिलिमीटर सरकलं की कडेला पांढरी रेघ दिसते, आणि ते सरकतंच.

आता गिम्पमधून काढलेलं पीएनजी आत ओढून आणा, निवडा, पाथ मेनूत "ट्रेस बिटमॅप", त्यात ब्राइटनेस कटऑफ, थ्रेशोल्ड कमीजास्त करत प्रिव्ह्यू बघा आणि अप्लाय. काहीच झालं नाही असं वाटेल! झालेलं असतं, नवीन वेक्टर बरोबर जुन्या फोटोच्या डोक्यावर बसलेलं असतं. वरचं बाजूला ओढा, खालचा फोटो डिलीट करा. हा गोंधळ माझाही झाला होता, पाच वेळा अप्लाय करून एकावर एक पाच कमळं ठेवली होती आणि मशीन का रडतंय म्हणून बघत बसलो होतो.

रंग भरायला बादलीचं टूल आहे, नक्षीच्या बंद जागेत क्लिक केलं की रंग भरतो. रेघ कुठे तुटली असेल तर रंग बाहेर सांडतो, अगदी रांगोळीसारखंच, तर ती फट आधी बुजवा.

पायरी ५: मराठी अक्षरं

ह्यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण मराठी कामात घोळ होतो तो इथेच.

आपल्याकडे डीटीपीवाले वर्षानुवर्षं श्रीलिपी वगैरेंचे जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरतात. त्यातला मजकूर तुमच्याकडे आला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते कारण तो युनिकोड (सगळ्या मशीनवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) नसतो. तुम्ही सुरुवातच युनिकोडवर करा. विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की कीबोर्ड येतो, विंडोज बटण आणि स्पेस दाबून इंग्रजी-मराठी बदलता येतं. ते जड वाटलं तर फोनवर टाइप करून स्वतःलाच पाठवा आणि कॉपी करा, मी अजून कधीकधी तेच करतो.

फॉन्ट गूगल फॉन्ट्सवरून फुकट मिळतात आणि चांगले मिळतात. मुंबईच्या "एक टाइप" नावाच्या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचे मुक्त, बालू आणि मोदक आहेत, त्यातला मोदक नावासारखाच गुबगुबीत, गणपतीच्या कामाला झकास पण लहान आकारात वाचता येत नाही. हाताने लिहिल्यासारखं हवं तर कलम. यात्रा वन हा मुंबईच्या लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला फॉन्ट आहे, जुन्या मुंबईचा भास हवा तिथे छान बसतो. आणि पुस्तकी, भारदस्त मजकुराला तिरो देवनागरी मराठी. त्याच्या नावात मराठी का, तर आपला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा असतो आणि बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये आधी हिंदी वळणाचा येतो. लग्नपत्रिकेत "शुभविवाह"चा श हिंदी वळणाचा आला तर दहातल्या नऊ जणांना कळणार नाही, पण आजोबांना कळतं. काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी सेट केली की आपले ल-श आपोआप येतात, पण ते प्रत्येक सॉफ्टवेअर जमवतंच असं नाही, म्हणून मी सरळ मराठी वळणाचाच फॉन्ट घेतो.

ह्यांची परवाना-पद्धत ओपन फॉन्ट लायसन्स, म्हणजे कार्डावर, लोगोत, टीशर्टवर वापरून विका, काही अडचण नाही, फक्त नुसती फॉन्टची फाइल विकायची नाही. बाकी कुठल्याशा साइटवरून "फ्री" म्हणून उतरवलेला फॉन्ट असेल तर त्याचा परवाना वाचा, बऱ्याचदा तो घरगुती वापरापुरताच फ्री असतो.

फॉन्ट किंवा सॉफ्टवेअर नवीन घेतलं की मी एक ओळ टाइप करून बघतो: "शुभेच्छा, दृष्टी, महाराष्ट्र, वाऱ्यावर, श्री, ज्ञान, ॲड., ऑर्डर". वेलांटी जागेवर आहे का, ऱ्या नीट येतोय का, ॲ च्या जागी चौकोन येतोय का, सगळं दोन मिनिटांत कळतं. इंकस्केप आणि गिम्प ह्यात पास होतात, स्क्रायबसचं १.६ पण होतं, त्याच्याआधीच्या जुन्या आवृत्त्या नको.

अक्षरं मनासारखी झाली, कुणाकडून तरी वाचून घेतली (स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही), की फाइलची कॉपी करा. एक "मूळ", एक "छपाई". छपाईच्या कॉपीत सगळा मजकूर निवडून पाथ मेनूत "ऑब्जेक्ट टू पाथ". आता ती अक्षरं उरली नाहीत, आकार झाले, त्यामुळे कुणाच्याही मशीनवर तशीच दिसणार. मूळ फाइल वेगळी का, तर पाथ केलेल्यात शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही.

हे न केल्याची फी मी भरलीये. माझ्या पहिल्या कामात २०० कार्डांवर "शुभेच्छा"चा उकार नि जोडाक्षर सुटं होऊन छापलं गेलं. प्रेसमध्ये पीडीएफ नुसती छापली असती तर चाललं असतं, पण मार्जिन सरकवायला त्यांनी ती कोरलमध्ये उघडली, तिथे तो फॉन्ट नव्हता, त्याने दुसरा घातला. चूक माझीच, गठ्ठा अजून माळ्यावर आहे, किराणा मालाच्या याद्या त्याच्या पाठीवर लिहितो.

पायरी ६: रंग, आणि स्क्रायबस लागतं कधी

स्क्रीनवरचा रंग उजेडाचा, कागदावरचा शाईचा. स्क्रीनचा आरजीबी (लाल, हिरवा, निळा), छपाईचा सीएमवायके (निळसर, किरमिजी, पिवळी आणि के म्हणजे काळी अशा चार शाया). पोपटी, भडक निळा, फ्लोरोसंट गुलाबी हे कागदावर मळकट होतात, कुठल्याही सॉफ्टवेअरने ते टळत नाही. म्हणून असे रंग घेऊच नका, किंवा घेऊन आधी एक प्रत छापून बघा.

इंकस्केपची पीडीएफ आरजीबीत निघते. पन्नास-शंभर कार्डं डिजिटलवर छापायची तर ती चालते, मशीन स्वतः बदलून घेतं. पण हजार-दोन हजार ऑफसेटवर (प्लेट बनवून होणारी मोठी छपाई) जाणार असतील तर स्क्रायबस घ्या. त्यात वेक्टर फाइल इंपोर्ट करा, एडिट मेनूत कलर्समध्ये जाऊन काळा रंग शोधा आणि तो फक्त के १०० टक्के, बाकी तिन्ही शून्य करा. हे फार महत्त्वाचं आहे, नाहीतर बारीक काळी अक्षरं चार शायांनी छापली जातात आणि प्लेट केसभर सरकली तरी अक्षरांना रंगीत सावली येते. मग पीडीएफ एक्सपोर्ट करताना कलरच्या टॅबमध्ये आउटपुट "प्रिंटर" निवडा. स्क्रायबस दिसायला रुक्ष आहे, मलाही आवडत नाही, पण ह्या एका कामाला त्याला तोड नाही.

बाकीची हत्यारं, भरभर

डिजिटल पेंटिंग करायचं असेल तर क्रिटा. स्वतःच्या साइटवरून फुकट, विंडोजच्या स्टोअरवर पैसे लागतात पण माल तोच, ते पैसे त्यांना मदत म्हणून. त्यासोबत तीन-चार हजारांतला छोटा पेन टॅबलेट पुरतो, स्क्रीनवाला महागडा लगेच नको. मजकूर मात्र मी क्रिटात टाकत नाही, चित्र तिथे, अक्षरं इंकस्केपमध्ये.

ग्राहकाने फोटोशॉपची फाइल (पीएसडी) पाठवली तर फोटोपी ब्राउझरमध्येच उघडून देतं, बाजूला जाहिराती दिसतात तेवढंच. कॅनव्हा स्टेटस आणि इन्स्टाच्या पोस्टला वापरा, फटाफट होतं, पण त्यातल्या तयार चित्रावरून लोगो करू नका, तेच चित्र हजारो लोकांकडे असतं आणि त्याचा ट्रेडमार्क तुम्हाला घेता येत नाही. ॲफिनिटी हे डिझाइनचं सॉफ्टवेअर पूर्वी विकत घ्यावं लागायचं, २०२५ च्या ऑक्टोबरपासून फुकट झालंय, कॅनव्हाचं खातं मात्र लागतं, चांगलं आहे, फक्त पायरी ५ मधली ती मराठी ओळ त्यात टाइप करून बघा आणि मगच त्यात मराठी काम घ्या. व्हिडिओला हलकं हवं तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह, मशीन दणकट असेल तर दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती. ब्लेंडर थ्रीडीसाठी, ज्या "फ्लो"ला २०२५ मध्ये ॲनिमेशनचं ऑस्कर मिळालं तो सिनेमा ब्लेंडरमध्येच केलाय, म्हणजे फुकटचं म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. पण भेटकार्डाला ब्लेंडर नको.

पायरी ७: हिशोब

लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये (एक्सेलसारखंच, फुकट) एक तक्ता करा. समजा छपाईसकट एक शीट ४० रुपयांना पडली आणि तीत आठ कार्डं, म्हणजे कार्डाला ५ रुपये. त्यात लिफाफा, कटिंग, प्लॅस्टिकचं पाकीट, जाण्यायेण्याचं पेट्रोल, आणि एक रकाना स्वतःच्या वेळेचा. हा शेवटचा रकाना सगळे रिकामा ठेवतात, विशेषतः घरून काम करणाऱ्या बायका, मामेबहिणीने पण ठेवला होता, मी भांडून भरायला लावला.

बिलं कॅल्कमध्येच करता येतात, किंवा झोहो इन्व्हॉइस आहे, ते फुकट. फोटो आणि दर दाखवायला व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग पुरतो. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंद) करायची असेल तर सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका.

पायरी ८: फाइल देताना

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, ते चित्र दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर न्या. फाइलच्या नावात काम, माप आणि तारीख टाका, "फायनल फायनल २ नवीन" असलं नाव दिलं की प्रेसवाला नेमकी जुनी छापतो. प्रेसवाल्या काकांनी सीडीआरच (कोरलची फाइल) हवी म्हटलं तर घाबरू नका, पाथ केलेली पीडीएफ किंवा एसव्हीजी (इंकस्केपची स्वतःची फाइल) कोरलमध्ये उघडते, तसं सांगा आणि त्यांच्यासमोर उघडून बघा. मूळ फाइली गूगल ड्राइव्हवर टाका, १५ जीबी फुकट असतात, वेक्टर फाइली इतक्या हलक्या की ती जागा वर्षानुवर्षं भरत नाही.

मग आधी एकच शीट छापून घ्या. बाहेर उन्हात नेऊन बघा, ट्यूबलाइटखाली रंग खोटा दिसतो. एक कार्ड कापून हातात धरा, कडेला पांढरं दिसतंय का, काळं अक्षर काळं आहे का, फोन नंबर लावून बघा खरंच तुमचा लागतो का. सगळं जमलं तरी पहिल्या खेपेला शंभर छापू नका, तीन शीट म्हणजे चोवीसच घ्या. मामेबहिणीची चोवीस प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी दुपारपर्यंत संपली आणि संध्याकाळी तिनेच प्रेसला फोन करून अजून सहा शीट सांगितल्या, मला न विचारता.